काकूच्या घरातले अप्रेंटिस

सत्तरच्या दशकात पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यात एका विशिष्ट तऱ्हेचं घर हमखास सापडायचं. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे धुण्याचा दगड. घरातला कर्ता खडकीच्या नाहीतर पिंपरीच्या एखाद्या कारखान्यात कामाला आणि घरात त्याच्या मुलांबरोबर भावाची, बहिणीची, मेहुण्याची मुलं. सगळी अप्रेंटिस. सकाळी सहाच्या आत चहा पिऊन सायकलींवर निघायची आणि संध्याकाळी तेलाच्या वासानं घर भरून टाकायची. त्या घरांवर फारसं कुणी लिहिलं नाही. कारखान्यांचे इतिहास झाले, उद्योगपतींची चरित्रं झाली. पण त्या कारखान्यांत मायक्रॉनमध्ये काम करणारे हात ज्या घरांनी पोसले, ती घरं नोंदीबाहेर राहिली. म्हणून आमच्या घराची ही आठवण.

आमचं घर चिंचवडगावात, मोरया गोसावींच्या समाधी मंदिरापासून थोड्या अंतरावरच्या एका बोळात. काका खडकीच्या दारूगोळा कारखान्यात मशिनिस्ट होते. त्यांचा थोरला मुलगा, ज्याला आम्ही सगळेच दादा म्हणायचो, टर्नर. धाकटा फिटर. आत्याचा मुलगा ग्राइंडर. काकूच्या भावाचा मुलगा ड्राफ्ट्समन. आणि मी, साताऱ्याच्या माण तालुक्यातून आलेला पुतण्या, टूल अँड डाय मेकर. एका वेळी पाच शिकाऊ एका छपराखाली. पुढच्या पाच-सात वर्षांत यातले काही गेले, त्यांच्या जागी दुसरी भावंडं आली, पण काकूच्या चुलीवरचा आकडा कधी कमी झाला नाही.

आम्ही का आलो, हे आमच्या वयाच्या माणसाला सांगावं लागत नाही. १९७२ च्या दुष्काळानं माण-खटावच्या विहिरी तळाला लागल्या. वडील खडी फोडायच्या कामावर जात होते, आई रस्त्याच्या कामावर माती वाहत होती. घरात जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेला एक पोरगा होता आणि त्याच्यासाठी शेतात काही नव्हतं. त्याच काळात इकडे उलटं चित्र होतं. पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स १९५४ मध्ये स्थापन झाली होती. १९६२ मध्ये एमआयडीसीची स्थापना झाली आणि भोसरी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या माळांवर प्लॉट पडले. ट्रक, स्कूटर, बेअरिंग, कॉम्प्रेसर, कटिंग टूल, सगळं इथं बनायला लागलं. मोठ्या कारखान्याभोवती लहान कारखाने आणि त्यांच्याभोवती त्यांहून लहान वर्कशॉप उगवत गेली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडला नगरपालिका मिळाली. मशिनं येत होती, पण मशिनवर उभा राहील असा माणूस आयता कुठून येणार? तो घडवावाच लागणार होता. १९७४ च्या उन्हाळ्यात काकांचं पोस्टकार्ड आलं : पोराला पाठवून द्या, अप्रेंटिसचे फॉर्म निघालेत.

काकांची स्वतःची शिकवणी वेगळ्या जमान्यातली. त्यांच्या तरुणपणी कामगार शिकायचा तो उस्तादाच्या हाताखाली, आणि उस्ताद शिकवेल तेवढंच. दोन-दोन वर्षं मशीन पुसायचं, चहा आणायचा, कीस उचलायचा आणि नजर चोरून बघत राहायचं. काका सांगायचे, "टूलला धार लावायची वेळ आली की उस्ताद आमच्याकडं पाठ करून उभा राहायचा. त्याच्यावर राग नाही धरला कधी. तो अँगल म्हणजे त्याची भाकरी होती." पण असं ज्ञान एका माणसाबरोबर स्मशानात जायचं, याचं दुःख त्यांना होतं.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं हे बदललं. कोणत्या ट्रेडला किती काळ शिकवायचं, काय शिकवायचं, विद्यावेतन किती द्यायचं, शेवटी परीक्षा कोण घेणार, हे ठरलं. कारखानदारानं उमेदवार घेतलेच पाहिजेत आणि त्यांना शिकवलंच पाहिजे, असं बंधन आलं. सुरुवातीला ट्रेनिंग स्कूलमध्ये पायाभूत शिक्षण, मग शॉप फ्लोअरवर वेगवेगळ्या विभागांत फिरती, आणि या सगळ्याच्या बरोबरीनं ट्रेड थिअरी, वर्कशॉप कॅलक्युलेशन, ड्रॉइंग आणि सोशल स्टडीजचे तास. रोजच्या कामाची डायरी लिहायची आणि इन्स्ट्रक्टरची सही घ्यायची. आणीबाणीतल्या १९७५ च्या वीस कलमी कार्यक्रमातही शिकाऊ उमेदवारीचं एक कलम होतं. त्या कार्यक्रमाविषयी घरात मतं वेगवेगळी होती, पण या एका कलमावर काका आणि त्यांच्याशी कायम वाद घालणारा दादा एकमतानं बोलायचे.

कायद्याची दुसरी बाजूही आम्हाला पहिल्याच दिवशी वाचून दाखवली होती. शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. आणि मुदत संपल्यावर नोकरी देण्याचं बंधन मालकावर नाही. करारावर सज्ञान नसलेल्या मुलाच्या पालकाची सही लागायची. माझे वडील त्यासाठी गावाहून एसटीनं आले. त्यांनी अंगठा उठवला आणि काकांना विचारलं, "यात नोकरीचं लिहिलंय का?" काका म्हणाले, "नाही. पण हुनराचं लिहिलंय. नोकरी कुणी काढून घेईल, हुनर नाही." वडिलांनी टोपी सारखी केली आणि रात्रीच्या गाडीनं परत गेले.

ट्रेनिंग स्कूलमध्ये मशीन दिसायची, पण सुरुवातीचे कितीतरी आठवडे तिला हात लावायचा नाही. हातात कानस, पुढ्यात बेंच व्हाइस, व्हाइसमध्ये माइल्ड स्टीलचा चौकोनी तुकडा. व्हाइसची उंची कोपराच्या पातळीला. डावा पाय पुढे, उजवा मागे, जोर पुढे जाताना, परत येताना कानस नुसती उचलून आणायची. ऐकायला सोपं वाटतं. पण माणसाचा हात स्वभावतः झुलतो, आणि झुललेल्या हातानं कडा खाल्ल्या जाऊन तुकडा मधे फुगीर होतो. गुण्या लावून तो उजेडासमोर धरला की फटीतून प्रकाश दिसायचा. इन्स्ट्रक्टर सर काही बोलायचे नाहीत, तुकडा उजेडाकडे धरून आमच्या हातात परत द्यायचे. आधी बस्टर्ड कानस, मग सेकंड कट, मग स्मूथ. दातांत कीस अडकून ओरखडे उठू नयेत म्हणून कानशीवर खडू घासायचा. मार्किंगसाठी तुकड्यावर मोरचुदाचं पाणी फिरवायचं. लोखंडावर तांब्याचा पातळ थर चढतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ स्वच्छ उमटते. मग साठ अंशाच्या डॉट पंचानं रेघ पक्की करायची आणि ड्रिल मारायचं असेल तिथं नव्वद अंशाचा सेंटर पंच. तळहाताला फोड यायचे, फुटायचे, घट्टे पडायचे. रात्री काकू हळद-तेल लावायची आणि विचारायची, "आज उजेड दिसला का?" न दिसणं चांगलं, हे तिला आम्हा सगळ्यांच्या आधी कळलं होतं.

आज कुणी विचारतं की मशीन एका फेरीत जे करते त्यासाठी पोरांचे महिने का घालवायचे? मी आयुष्यभर टूल रूममध्ये काम केलं, त्यावरून सांगतो. सपाट म्हणजे काय, काटकोन म्हणजे काय, समांतर म्हणजे काय, हे पुस्तकातून कळतं ते डोक्याला. हाताला कळायला पोलाद स्वतः झिजवावं लागतं. एकदा हाताला कळलं की पुढे कुठल्याही मशिनवर उभं केलं, तरी जॉब बिघडतोय हे माणसाला आधी जाणवतं आणि मागून मोजमापात दिसतं.

मापाचं शिक्षण हा दुसरा धडा. काका सुतात बोलणारे. एका इंचाला आठ सुतं. देशात मेट्रिक पद्धत १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आली, तरी जुन्या शॉपमध्ये इंच आणि थाऊ, म्हणजे इंचाचा हजारावा भाग, टिकून होते. आम्ही मिलिमीटरचे. ४९ मिलिमीटरचे ५० भाग केले की व्हर्नियर ०.०२ पर्यंत वाचतो. मायक्रोमीटरच्या स्क्रूचा पिच अर्धा मिलिमीटर, थिंबलवर ५० रेघा, म्हणून एक रेघ ०.०१. गणित कुणालाही येतं. पण त्याच जॉबचं त्याच मायक्रोमीटरनं पाच जण पाच मापं काढायचे. इन्स्ट्रक्टर प्रत्येकाचं बोट रॅचेटवर धरून शिकवायचे : टक टक टक, इथं थांब. वैद्य नाडीवर बोट ठेवतो तितक्या हलक्या हातानं धरायचं. अधिक दाबलंस तर माप तुझ्या मनासारखं येईल, जॉबचं येणार नाही. मापात जे आलं तेच डायरीत लिहायचं, हवं ते लिहायचं नाही. त्या वयात ही शिस्त मेट्रॉलॉजीची वाटली होती. पुढे संसारात, भावंडांच्या वाटण्यांत, मुलांच्या लग्नांत ती किती कामाला आली, हे आमच्या घरातला कुणीही सांगेल.

टूल रूममध्ये माझी फिरती लागली तेव्हा स्टँडर्ड रूम पाहिली. सगळ्या कारखान्यात एअर कंडिशनर होता तो त्या खोलीत, आणि तो माणसांसाठी नव्हता. मोजमापाचं जागतिक प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस, म्हणून खोली २० अंशांवर. चीफ इन्स्पेक्टरांनी आम्हाला समजावलं ते असं : १०० मिलिमीटर पोलादाचं तापमान दहा अंशांनी वाढलं, तर ते साधारण ११ ते १२ मायक्रॉन लांबतं. १०० मिलिमीटरच्या एच-सेव्हन बोअरला सगळा मिळून टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ३५ मायक्रॉनचा. मशिनवरून गरमागरम काढलेला जॉब तसाच मोजलात, तर टॉलरन्सचा तिसरा हिस्सा नुसत्या उष्णतेनं गेला. म्हणून जॉब आणून सरफेस प्लेटवर ठेवायचा, निवू द्यायचा आणि तोवर वाट पाहायची. वाट पाहणं हाही कामाचा भाग असतो, हे ज्याला पीसरेटच्या घाईत कुणी सांगितलं, तो भाग्यवान.

तिथंच स्लिप गेज पाहिल्या. स्वीडनच्या कार्ल एडवर्ड योहान्सन यांनी विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर घडवलेली ही कल्पना. पोलादाचे लहान लहान ठोकळे, इतके सपाट की एकावर एक सरकवून फिरवले की चिकटून बसतात. ३७.४६५ मिलिमीटर हवेत, तर ८७ तुकड्यांच्या संचातून शेवटच्या अंकापासून निवड सुरू करायची : १.००५, मग १.४६, मग ५, मग ३०. चार ठोकळे, माप तयार. त्या रात्री मी पडवीत बसून वहीत कितीतरी मापं अशी जुळवली. काकू भाकऱ्या थापता थापता अंक सांगायची आणि मी ठोकळे सांगायचो. ती चौथीपर्यंत शिकलेली. महिनाभरात शेवटच्या अंकापासून सुरुवात करायची हे तिच्या अंगवळणी पडलं आणि मग मी अडखळलो की तीच सांगायला लागली.

दादाची लेथ आमच्या घरात रोज रात्री गप्पांमधून चालायची. एचएमटीची एलबी-१७. बंगळूरला १९५३ मध्ये उभी राहिलेली ती सरकारी कंपनी आमच्या घरात दोन रूपांनी होती : दादाच्या शॉपमध्ये लेथ आणि काकांच्या मनगटावर घड्याळ. चार जबड्यांच्या चकमध्ये जॉब बांधून डायल गेज लावायचा आणि काटा हलायचा थांबेपर्यंत जबडे सैल-घट्ट करायचे, हे दादानं आम्हाला पातेल्याच्या झाकणावर हात फिरवून शिकवलं. कटिंग स्पीडचं गणित फरशीवर खडूनं मांडलं जायचं. पंचवीस मिलिमीटरचा माइल्ड स्टीलचा बार, हायस्पीड स्टीलचं टूल, मिनिटाला तीस मीटर वेग धरला तर फेरे साधारण ३८०. "मशिनवर ३८० नसतात," दादा म्हणायचा, "खालचा स्पीड घ्यायचा. घाई टूल खाते." त्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये पहिला नियम होता की चकमध्ये चावी क्षणभरही सोडायची नाही. दुसरा नियम घरापर्यंत आला : हातात अंगठी नाही, गंडा नाही, मनगटात दोरा नाही. दादाच्या हातातला जेजुरीचा दोरा काकूनं स्वतः कात्रीनं कापून देव्हाऱ्यात ठेवला. "खंडोबाला कळतं मशीन काय असते ते," ती म्हणाली आणि त्या दिवसापासून घरात येणाऱ्या प्रत्येक नव्या पोराचे हात ती आधी तपासायची.

फिटर भावाची गंमत ड्रिलमध्ये. ११८ अंशाचा पॉइंट हातानं ग्राइंड करायचा आणि दोन्ही ओठ सारखे आले का ते बघायचं. ओठ लहान-मोठे झाले की होल ड्रिलपेक्षा मोठं पडतं. बरोबर धार लागली असेल तर दोन्ही खोबणींतून कीस सारखा बाहेर येतो. आत्याचा मुलगा ग्राइंडिंगमधून यायचा तो अंगावर बारीक राखाडी धूळ घेऊन. त्याचं काम सगळ्यांच्या शेवटी. आम्ही शंभरावे भाग सोडायचे आणि त्यानं हजारावे काढायचे. ड्राफ्ट्समन भाऊ मात्र कपडे स्वच्छ ठेवून घरी यायचा आणि त्याबद्दल आमची बोलणी खायचा. पण ड्रॉइंगमधला फर्स्ट अँगल आणि थर्ड अँगलचा घोळ त्यानंच आम्हाला सोडवून दिला. काडेपेटी घ्यायची, तिची तिन्ही बाजूंची चित्रं कागदावर काढायची, आणि प्रत्येक चित्र कुठं बसतं ते बोटानं दाखवायचं. पाच ट्रेड एका घरात असल्यानं आमचं शिक्षण कारखान्याच्या भिंतींपुरतं राहिलं नाही. ड्रॉइंग ते ग्राइंडिंग असा जॉबचा अख्खा प्रवास आम्ही जेवणाच्या ताटांवरून रोज ऐकत होतो. एकाच्या मशिनवर दुसऱ्याचं काम अडकतं, म्हणून आपलं चोख करून पुढे द्यायचं, हे आम्हाला तिथं कळलं.

या सगळ्याचा भार काकूवर. तेलकट कपडे सोड्याच्या गरम पाण्यात रात्रभर भिजवायचे आणि पहाटे दगडावर आपटायचे. बुटांच्या तळव्यात रुतलेला कीस घरभर सांडून लहान पोरांच्या पायात जायचा, म्हणून बूट बाहेर झटकल्याशिवाय उंबरठा ओलांडायला बंदी. पाच डबे, ज्वारीची भाकरी, कधी पिठलं, कधी शेंगदाण्याची चटणी, पावसाळ्यात कोरड्यास. विद्यावेतन हातात आलं की आधी देवापुढे ठेवायचं. मग त्याचे तीन वाटे : एक घरखर्चाचा, एक ज्याच्या-त्याच्या गावाला मनीऑर्डरीचा, आणि एक डब्यात. त्या डब्यातल्या पैशांतून प्रत्येकाचं एकेक स्वतःचं उपकरण आलं. कुणाचा व्हर्नियर, कुणाचा मायक्रोमीटर. काकूनं प्रत्येकाला जुन्या मलमलीच्या साडीचा तुकडा दिला, पुसून गुंडाळून ठेवायला. कर्ज काढून तिनं कुणाला शिकवलं नाही, पण तिनं स्वतःसाठी एक नवं लुगडं घेतल्याचं त्या काळात मला आठवत नाही.

खंडेनवमी हा आमचा खरा सण. शॉपमध्ये मशिना धुऊन पुसून झेंडूच्या माळा, कुंकवाचे ठिपके, नारळ. घरी पाटावर सगळ्यांची हत्यारं मांडलेली : कानशी, गुण्या, तीन टॅपचा संच, व्हर्नियर, ड्रॉइंगची कंपासपेटी. शेतातल्या घरी या दिवशी नांगर-कोयते मांडायचे, तेच इथं. पहिल्या वर्षी वडील गावाहून आले होते. त्यांनी पाटावरचा मायक्रोमीटर उचलून डोळ्यांपाशी नेला, परत ठेवला आणि हात जोडले. त्यांनी कारखाना कधी आतून पाहिला नाही. पण त्या क्षणापासून "यात नोकरीचं लिहिलंय का" हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

सगळं गोडच होतं असं नाही. आत्याच्या धाकट्या मुलाला एका लहान कारखान्यात उमेदवार म्हणून घेतलं, आणि वर्षभर त्यानं मालाच्या पेट्या वाहिल्या, शॉप झाडलं, हाताला काही लागलं नाही. डायरीत मात्र दररोज शिकवल्याच्या नोंदी. काकांनी ती डायरी पाहिली आणि त्यांना आपले दिवस आठवले. त्यांनी त्याला रविवारी घरी बसवून लेथचे हिशेब, टूलचे अँगल, ड्रॉइंग, सगळं दादाकडून करून घेतलं. कायदा असूनही शिकवायची इच्छा नसेल, तर शिकाऊ म्हणजे स्वस्तातला हमाल होतो. ही तेव्हाची तक्रार आजही तितकीच खरी आहे.

शेवटी अखिल भारतीय ट्रेड टेस्ट. ड्रॉइंग हातात आणि ठरल्या तासांत जॉब पूर्ण करून द्यायचा. नर-मादी जोड असायचा, दोन्ही तुकडे कुठल्याही बाजूनं फिरवून बसले पाहिजेत आणि फटीतून प्रकाश दिसता कामा नये. ज्याची परीक्षा, त्याच्या डब्यात काकू त्या दिवशी पुरणपोळी द्यायची. प्रमाणपत्रं आली की ती चौकटीत बसवून पडवीतल्या भिंतीवर टांगली जायची, मोरया गोसावींच्या तसबिरीच्या खाली, ओळीनं. त्या भिंतीकडे पाहून बोळातल्या दोन-तीन घरांनी आपली मुलं त्याच वाटेला लावली.

पुढे आम्ही पांगलो. दादा कायम झाला आणि त्याच शॉपमध्ये फोरमन होऊन निवृत्त झाला. फिटर भावानं भोसरीत दोन लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन घेऊन वर्कशॉप काढलं. त्या वर्कशॉपच्या आज दोन शेड आहेत. ग्राइंडर आखातात गेला आणि परत येऊन त्याच भावाकडे भागीदार झाला. ड्राफ्ट्समनचा ड्रॉइंग बोर्ड गेला, कॉम्प्युटर आला, पण काडेपेटीवरून शिकवायची त्याची पद्धत तशीच राहिली. मी टूल रूममध्ये राहिलो. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली, शेतांच्या जागी सोसायट्या आल्या, चिंचवडगावातलं आमचं दोन खोल्यांचं घर पाडून तिथं इमारत झाली. काका गेले, त्यांच्यामागून काकू गेली. तिच्या तेराव्याला जेवायला बसलेल्या माणसांत किती जण तिच्या हातचा डबा घेऊन अप्रेंटिसशिपला गेले होते, हे मोजायचं कुणाला सुचलं नाही. पंगत मात्र संध्याकाळपर्यंत उठत होती.

आता सीएनसी आहे, कोऑर्डिनेट मेझरिंग मशीन आहे. दादाची नात याच पट्ट्यातल्या एका कारखान्यात त्या मशिनवर इन्स्पेक्शन करते. आमच्या वेळी शॉप फ्लोअरवर मुलगी दिसत नसे, त्यामुळे तिला पांढऱ्या कोटात पाहिलं की आमचे म्हातारे डोळे भरून येतात. ती सांगते की मशीन आकडा देते, पण जॉब नीट पुसला होता का, कडेला बर, म्हणजे धातूचा बारीक कंगोरा, राहिली होती का, जॉब निवला होता का, हे मशीन सांगत नाही. ते तिला तिच्या आजोबांनी सांगितलं. प्रोग्रॅम लिहिणारा हात बदलला, तरी टॉलरन्स म्हणजे काय याची जाण माणसाकडून माणसाकडेच येते. कायदाही बदलत गेला. २०१६ पासून राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा काही भाग केंद्र सरकार उचलतं. २०१९ च्या नियमांनी ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के उमेदवार घेणं बंधनकारक केलं. आकडे भरतात. शिकवणं भरतं का, हा खरा प्रश्न आहे.

म्हणून शेवटी थेट बोलतो. भोसरी, चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड, कोल्हापूरचं उद्यमनगर, जिथं जिथं तुमचं वर्कशॉप आहे, तिथं उमेदवार घ्या आणि त्याला झाडू देण्याआधी कानस द्या. त्याचे पहिले काही तुकडे भंगारात जातील. तो खर्च शिक्षणाचा म्हणून हिशेबात धरा. तुमच्याकडच्या सर्वांत कसबी, निवृत्तीला आलेल्या माणसाला वर्षातले काही महिने मशिनवरून काढून या मुलांच्या शेजारी उभं करा, आणि त्याचा पगार तोच ठेवा. आणि आमच्या वयाच्या मित्रांनो, तुमचा मलमलीच्या तुकड्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर कपाटात ठेवू नका. घरातल्या, शेजारच्या, गावाकडच्या एखाद्या मुला-मुलीला तो द्या आणि रॅचेटवर बोट कसं ठेवायचं ते शेजारी बसून शिकवा. आपल्याला कुणीतरी शिकवलं होतं.